चित्रं तिच्यासाठी, शब्द आपल्यासाठी?

“बाया शिकलेल्या नाहीत, त्यांना चित्रंच द्या. मजकूर कशाला?” प्रशिक्षणाच्या आखणी-बैठकांत हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं की कुणी त्यावर थांबतही नाही. भित्तिपत्रक असो, घडीपत्रिका असो की फ्लिपचार्ट, कामाची वाटणी आधीच झालेली असते. वस्तीतल्या बाईसाठी चित्र. कार्यकर्तीसाठी मजकूर, तोही चित्राच्या पाठीमागे छापलेला. फ्लिपचार्टची रचनाच तशी आहे. पुढची बाजू समोर बसलेल्या बायकांकडे, मागची बाजू तो हातात धरणारीकडे. एकीला चित्र दिसतं पण त्याचा अर्थ कुठे लिहिलाय ते दिसत नाही. दुसरीला अर्थ माहीत असतो, म्हणून ती ताई, मॅडम, प्रशिक्षक.

मैत्रिणींनो, ही वाटणी आपल्याला सोयीची वाटते. माझं म्हणणं असं, की ही सत्तेची वाटणी आहे. आणि ज्या चळवळीने ‘ज्ञान कुणाच्या हातात’ हा प्रश्न पहिल्यांदा घराघरात नेला, तिने तरी ती डोळे मिटून चालवून घेऊ नये.

मुळात ‘बाया अशिक्षित’ हे गृहीतच तपासू या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सात वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी सुमारे ७६ टक्के साक्षर म्हणून नोंदल्या गेल्या. या आकड्यात अडखळत वाचणाऱ्या, फक्त सही करणाऱ्या कितीजणी आहेत, हा वाद जरूर घालावा. पण बचत गटाच्या वहीतली नावं ओळखणारी, एसटीची पाटी वाचणारी, मोबाईलवर नंबर शोधणारी बाई ‘निरक्षर’ या खोक्यात बसत नाही. तिला थोडं वाचता येतं. आपण शब्दच काढून घेतले, तर ते थोडंही वापरायची जागा उरत नाही. आणि जिला खरोखरच वाचता येत नाही, तिच्या शेजारी तिची मुलगी, सून, नात बसलेली असते. कागद घरी गेल्यावर तो कुणीतरी मोठ्याने वाचावा, यासाठी तरी त्यावर शब्द हवेत की नकोत?

उभी बाटली, आडवी बाटली

चित्र सगळ्यांना आपोआप कळतं, हा आपल्या क्षेत्रातला एक मोठा भ्रम आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्याच चळवळीतलं एक उदाहरण घेऊ.

गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात बायकांना मतदान करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू राहू दे. आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. म्हणजे जी त्या दिवशी घरी राहिली, तिचं मत न देताच उभीच्या पारड्यात पडतं.

आता ही चित्रं शब्दांवाचून पाहा. आडवी बाटली म्हणजे काय? सांडलेली? पिऊन रिकामी झालेली? पिऊन आलेला नवराही आडवाच पडलेला असतो! उलट उभी बाटली म्हणजे बंद बुचाची, न फोडलेली, असं कुणी म्हटलं तर तिला चूक कसं म्हणणार? चित्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्या दोन चित्रांना अर्थ मिळाला तो बायकांनी काढलेल्या फेऱ्यांमधून, घोषणांमधून, घरोघरी जाऊन घेतलेल्या बैठकांमधून. ‘आडवी बाटली’ हे दोन शब्द चित्राला जोडले गेले आणि ते चित्र हत्यार झालं. जिथे हे शब्द बाईपर्यंत पोचले नाहीत, तिथे तिच्या हातात उरतात दोन बाटल्या आणि एक शिक्का.

फुलीचंही तसंच. आरोग्याच्या भित्तिपत्रकावर एखाद्या चित्रावर मोठी लाल फुली मारलेली असते. आपल्या लेखी तिचा अर्थ ‘हे करू नका’. पण निवडणुकीच्या प्रचारात बाईने वर्षानुवर्षं ऐकलंय, अमुक चिन्हावर फुली मारा. तिथे फुली म्हणजे ‘हे हवं’. मग कुठल्या फुलीवर तिने विश्वास ठेवायचा? बाण, फुली, ठिपक्यांची रेघ, डोक्याभोवतीचा प्रश्नचिन्हांचा फुगा या सगळ्या शिकलेल्या माणसांच्या खुणा आहेत. त्या शिकाव्या लागतात. शिबिरात गर्भाशयाचं सुटं चित्र, दोन्ही बाजूंच्या नळ्यांसकट, भिंतीवर लावा आणि काही न बोलता विचारा, हे काय आहे? बैलाचं तोंड, असं उत्तर मी एकाहून अधिक गावांत ऐकलं आहे. आणि खरं सांगायचं तर ते तसं दिसतंच. शरीराच्या बाहेर काढलेला, नाव नसलेला अवयव बाईने आपला म्हणून ओळखावा, ही अपेक्षा कुणाची?

हातात कार्ड, पण वाचायचं कुणी?

चित्र आणि शब्द यांची ताटातूट झाली की नुकसान कुणाचं होतं, याची दोन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण घराघरातलं आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या वजनाचा आलेख असतो. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. दर महिन्याला वजन करायचं, ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. रेघ वर चढत असेल तर मूल वाढतंय. आडवी झाली तर सावध व्हायचं. खाली वळली तर धोका. एका महिन्याच्या ठिपक्यापेक्षा रेघेची दिशा जास्त सांगते. असं कार्ड आईकडेच ठेवायचं, ही कल्पना डेव्हिड मोर्ले या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात नायजेरियात काम करताना रुजवली. मुलाची वाढ आईला स्वतः पाहता यावी, हा तिच्यामागचा विचार होता.

आपल्याकडे कार्ड आईकडे आहे. पण किती आया तो आलेख वाचतात? रेघांच्या जंजाळात तिच्या मुलाचा ठिपका कुठला आणि ती रेघ काय बोलते, हे तिला तिच्या शब्दांत कुणी सांगितलं? तिला सांगितलं जातं एकच वाक्य, “वजन कमी आहे, खायला घाला.” म्हणजे चित्र गेलं आणि शब्द उरला तोही दोषारोपाचा. २०२१पासून अंगणवाडीतलं वजन पोषण ट्रॅकरवर, मोबाईलमध्ये भरावं लागतं. आकडा वरपर्यंत जातो. आईच्या हातातल्या कार्डावर ठिपका पडतोच असं नाही. यात अंगणवाडीताईला दोष देण्यात अर्थ नाही. नोंदींचं ओझं तिच्या डोक्यावर आहे आणि मानधनासाठी तिला रस्त्यावर यावं लागतं. प्रश्न असा आहे, की आईला दिसणारी माहिती कमी होत जाते आणि आईबद्दलची माहिती मात्र वाढत जाते, तेव्हा आपण त्याला प्रगती म्हणायचं का?

दुसरं उदाहरण अधिक कठोर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे मुकादमाची उचल आहे, खाडा झाला की कापला जाणारा पैसा आहे, फडात पाणी आणि संडास नसणं आहे, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत. ही कारणं चित्र काढून मिटणारी नाहीत, हे मला कळतं. पण शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या टेबलावर होतो त्या टेबलाकडे जरा पाहा. त्यावर दोन कागद असतात.

एक सोनोग्राफीची फिल्म. काळी-पांढरी, धुरकट. हे चित्र आहे, पण त्यावर बाईला वाचता येईल असा एकही शब्द नाही. डॉक्टर बोट ठेवतात, “ही बघा गाठ. पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल.” बाई पाहते. तिला काय दिसणार? तिला दिसते ती डॉक्टरांची खात्री. दुसरा कागद संमतिपत्र. हे नुसते शब्द आहेत, बहुतेकदा इंग्रजीत, बारीक टाइपात, आणि चित्र एकही नाही. काय काढणार, काय ठेवणार, बीजकोश राहणार की जाणार, ते गेले तर हाडांवर, झोपेवर, अंगातल्या उष्णतेवर काय परिणाम होणार, यातलं काही कळण्याचा मार्ग नाही. खाली अंगठा.

चित्र आहे तिथे शब्द नाहीत आणि शब्द आहेत तिथे चित्र नाही. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत बाईचं गर्भाशय जातं. अंगावरून पांढरं जातं, एवढ्या कारणासाठी पिशवी काढायची गरज सहसा नसते, हे जिला आकृतीवर बोट ठेवून, तिच्या बोलीत कुणी सांगितलं असतं तिने निदान दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं असतं. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. आदेश चांगला आहे. पण बाईला कळेल असा संमतीचा कागद त्या आदेशातून आपोआप छापून येणार नाही. तो आपल्याला मागावा लागेल.

शास्त्र काय म्हणतं

हे फक्त कार्यकर्त्यांचं मत आहे, असं समजू नका. माणसाचं मन शब्द आणि चित्रं दोन वेगळ्या वाटांनी साठवतं आणि दोन्ही वाटांनी आलेली गोष्ट अधिक पक्की राहते, असं मानसशास्त्रज्ञ ॲलन पैवियो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. पुढे रिचर्ड मेयर यांनी त्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक, नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र एकत्र आले की लोक अधिक चांगलं शिकतात. दोन, शब्द चित्रातल्या नेमक्या भागाशेजारी हवेत. चित्र वर आणि यादी खाली, किंवा चित्र पुढे आणि मजकूर मागे, असं केलं की शिकणारीची अर्धी शक्ती शोधण्यात जाते. तीन, शोभेची चित्रं मदत करत नाहीत, उलट लक्ष उडवतात. चार, चित्र समोर असताना शब्द कानांवर पडले, तर बऱ्याचदा ते छापलेल्या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी ठरतात.

हे प्रयोग मुख्यतः अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. तेव्हा ते जसेच्या तसे उचलू नयेत, आपल्या बायकांबरोबर ताडून पाहावेत. पण चौथा मुद्दा वाचताना मला जात्यावर बसलेल्या, वाकळ शिवणाऱ्या बायका आठवतात. हात दाखवतोय आणि तोंड सांगतंय, ही शिकवण्याची रीत त्यांना कुठल्या प्रयोगशाळेने दिली नाही. ती मोडून आपण बायकांना रांगेत बसवलं आणि म्हटलं, चित्र पाहा.

चित्र काढणारा हात कुणाचा?

शब्द-चित्र एकत्र आणले म्हणजे झालं, असंही नाही. ते कुणी काढले, हा पुढचा प्रश्न.

राजस्थानातल्या महिला विकास कार्यक्रमातून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक तयार झालं आणि १९८९मध्ये ‘काली फॉर विमेन’ने ते प्रकाशित केलं. ते करणाऱ्या ७५ ग्रामीण बायका होत्या. शरीराची माहिती द्यायची म्हणून आधी उघडी शरीरं काढली गेली. गावातल्या बायकांनी हरकत घेतली, आमच्या गावात असं उघडं माणूस कधी दिसतं का? शिकलेल्या माणसांनी इथे दोन गोष्टी केल्या असत्या. एक तर बायकांना मागास ठरवलं असतं, नाहीतर चित्रंच काढून टाकली असती. त्या बायकांनी तिसरा मार्ग काढला. चित्रातल्या बाईला घागरा-ओढणी नेसवली आणि कागदाची झडप केली. झडप उचलली की आतलं शरीर दिसतं. लाजही राहिली, ज्ञानही मिळालं, आणि झडप कधी उचलायची ते पाहणारीच्या हातात राहिलं. एवढा हुशार उपाय कुठल्या जाहिरात कंपनीला सुचला असता, मला शंका आहे.

याच्या शेजारी आपल्याकडची सरकारी भित्तिपत्रकं ठेवा. लाल त्रिकोण आठवा, चार हसरे चेहरे आठवा, आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. मूल न होणारी, दोन मुलीच असणारी, टाकलेली, एकटी बाई त्या चौकटीत कधी आलीच नाही. तिथे शब्द आणि चित्र दोन्ही होते, पण दोन्ही वरून आलेले. बदल होऊ शकतो, हेही खरं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारा बाप आला, तेव्हा त्या एका चित्राची केवढी चर्चा झाली! एक भाजीची जुडी पुरुषाच्या हातात गेली की लोक थांबून पाहतात, म्हणजे चित्राचं बळ किती ते कळतं.

आता नवं संकट आलं आहे. संगणकाला दोन ओळी सांगितल्या की तो क्षणात चित्र काढून देतो. निधी वाचतो, चित्रकार लागत नाही. पण ‘खेड्यातली बाई’ मागितली की बहुतेकदा हजर होते ती गोरी, घासूनपुसून ठेवलेली, कोऱ्या साडीतली, कौलारू घरापुढे हसणारी. तिच्या तळपायाला भेगा नसतात. अशी पत्रकं आता संस्थांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरू लागली आहेत. जी बाई कुणीच नाही, तिच्याकडून आपल्या बायकांनी काय शिकायचं?

ज्याला सत्ता घाबरते

शब्द आणि चित्र लोकांच्या हातात एकत्र आले की काय होतं, ते इतिहासाने दाखवलंय. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी प्रौढांना शिकवताना आधी त्यांच्याच जगण्यातलं चित्र समोर ठेवलं. चित्रावर बोलणं झालं की त्यातून एक शब्द निघायचा, उदाहरणार्थ ‘तिजोलो’ म्हणजे वीट. शब्दाचे तुकडे व्हायचे, तुकड्यांतून नवे शब्द. वीट कोण रचतं आणि घर कुणाचं होतं, हाही प्रश्न त्यातूनच यायचा. १९६३मध्ये अँजिकोस या गावात सुमारे ३०० कष्टकरी या पद्धतीने शिकले. १९६४मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले, मग देशाबाहेर. अक्षर शिकवणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. विचार करायला शिकवणाऱ्याला टाकतात.

आपल्या शेजारी आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९९१मध्ये साक्षरता मोहीम सुरू झाली. साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठांची रीत ठरलेली होती, आधी चित्र, मग चर्चा, मग कळीचा शब्द. त्यांत दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराची, सीताम्माची कथा होती. दुबगुंटा गावातल्या बायकांनी ती वाचली, ऐकली आणि म्हणाल्या, ही तर आपली गोष्ट. त्यांनी गावातलं अराकचं दुकान बंद पाडलं. तिथून उठलेली चळवळ राज्यभर पसरली. १९९३मध्ये अराकवर बंदी आली, १९९५मध्ये पूर्ण दारूबंदी. ती १९९७मध्ये शिथिल झाली, हेही विसरू नये. पण एका धड्याने एवढं केलं, कारण त्यातलं चित्र ओळखीचं होतं आणि शब्द वाचणारीच्या तोंडी बसला होता.

मग आपण काय करायचं?

यावर हरकती येतील. वेळ नाही, पैसा नाही, निधी देणाऱ्या संस्थेला मार्चपूर्वी छापील साहित्य हवंय. शब्द घातले तर न वाचणारी बाई ओशाळते. शेवटची हरकत खरी आहे, म्हणून तिचं उत्तर देते. बाई ओशाळते ती तिला एकटीला, सगळ्यांसमोर वाचायला लावल्यावर. चित्राशेजारी मोठ्या अक्षरात एकच शब्द, तो सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हटला, बोट ठेवून दाखवला, तर ती ओशाळत नाही. तिला त्या दिवशी एक अक्षर-ओळख मिळते. आणि पैशाचं म्हणाल, तर खालच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

फ्लिपचार्टच्या मागचा मजकूर पुढे आणा. चित्रातल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाशेजारी त्याचं नाव लिहा. बायकांच्या बोलीतलं आधी, पुस्तकी नंतर, म्हणजे ‘पिशवी’ आणि त्याखाली ‘गर्भाशय’. दवाखान्यात दोन्ही लागतात. सुटा अवयव काढू नका, तो अख्ख्या बाईच्या शरीरात काढा.

साहित्य छापण्याआधी ते तयार करताना हजर नसलेल्या दहा बायकांना दाखवा. “कळलं का?” असं विचारू नका. त्याला सगळ्या ‘हो’ म्हणतात, आपल्याला बरं वाटावं म्हणून. विचारा, “यात काय दिसतंय? ही काय करतेय? हा कागद तुम्हाला काय करायला सांगतोय?” त्यांचं उत्तर चुकलं, तर कागद चुकलाय. बदला.

गटात कागद आणि खडू बायकांच्याच हातात द्या. पाणी भरण्याची वाट, दिवसभराची कामं, घरातल्या भांडणाची जागा त्यांनी काढावी आणि नाव त्यांनीच सांगावं. शब्द लिहिता येणारीने लिहून द्यावा, तोही सांगणारीने वापरला तोच. सुधारून नव्हे.

आणि दोन मागण्या जाहीरपणे करू या. सरकारी आणि खाजगी, प्रत्येक रुग्णालयात शस्त्रक्रियेचं संमतिपत्र मराठीत, आकृतीसह असावं. काय काढणार तो भाग बाईसमोर खूण करून दाखवावा आणि त्याची एक प्रत तिला मिळावी. दुसरी मागणी, मुलाचं वजन मोबाईलमध्ये जाण्याआधी आईच्या कार्डावर तिच्यादेखत नोंदलं जावं आणि त्यासाठी अंगणवाडीताईला वेळ आणि मोबदला दोन्ही मिळावेत.

ज्या गटांनी असं साहित्य स्वतः तयार केलंय, त्यांनी त्याच्या प्रती इतर गटांना पाठवाव्यात. हाताने काढलेल्या असल्या तरी चालतील. सोबत हेही लिहावं की पहिल्यांदा दाखवल्यावर बायकांना त्यात काय दिसलं होतं, आणि मग तुम्ही काय बदललंत.